मालिकेतल्या आजोबांना मी मारलं

शनिवारी दुपारी दोन वाजता, चेन्नईच्या उन्हात, तांबरम स्टेशनचा जिना उतरून एका कॉलेजच्या मागच्या गेटापर्यंत चालत जायचं आणि तिथं एसी बंद केलेल्या खोलीत बसून मराठी नाटक करायचं, हा उद्योग मी सात वर्षं केला. कुणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असते एकेकाला, तशी मला होती. आता ती हौसही उरलेली नाही, फक्त भाजायची सवय राहिली आहे.

कॉलेजचं स्वतःचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. आठवडाभर तमिळमध्ये शेतीवर, आरोग्यावर, परीक्षांवर कार्यक्रम चालतात आणि रविवारी सकाळी अकरा वाजता अर्धा तास मराठीचा. तो आमचा, आणि त्यातली पंधरा मिनिटं मी लिहिलेल्या मालिकेची. केंद्राची लहर तांबरमच्या आसपास चार-सहा स्टेशनांपलीकडे पोचत नाही, पण हल्ली फोनवरही ऐकता येतं, त्यामुळे टी. नगरपासून पुण्यापर्यंत कुणीकुणी ऐकत असेल अशी आम्ही समजूत करून घेतली होती. किती जण ऐकतात हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या शनिवारी जिना उतरायला पाय उचलला नसता.

मी गिंडीतल्या एका शाळेत हिंदी शिकवते. लग्न होऊन साताऱ्याहून इथं आले त्याला तीस वर्षं झाली. आठवडाभर मुलांच्या वह्यांतल्या चुका काढायच्या, गुरुवारी संध्याकाळी नाटकाचा भाग लिहायचा, शनिवारी तो रेकॉर्ड करायचा. मालिका साधी होती. तांबरममध्ये एक घर. खाली घरमालक आजोबा, जुने तंजावरी मराठी. वर दोन भाडेकरू, महाराष्ट्रातून नोकरीला आलेले एक मुलगी आणि एक मुलगा, नात्यानं बहीणभाऊ. पाण्याची मोटर कुणी लावायची, कुणी बंद करायची, यावरून त्यांची भांडणं. चेन्नईत राहणाऱ्याला या विषयावर सात वर्षं लिहिता येतं, त्यात माझं कौतुक काही नाही.

स्टुडिओ म्हणजे कॉलेजची जुनी अडगळीची खोली. भिंतींना फोम चिकटवलेला. एसी आणि पंख्याची घरघर माईकमध्ये येते, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही बंद. मे महिन्यात घाम टपटप कागदावर पडायचा आणि वाक्यं पुसून जायची. जवळच हवाई दलाचा तळ आहे. विमान आलं की सगळे बोलता बोलता थांबायचे, माना वर करून छताकडे बघायचे, ते गेलं की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. एका भागाच्या पंधरा मिनिटांसाठी तीन तास जायचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली निम्मी आमच्याकडे दर शनिवारी हजर असत.

वरच्या भाडेकरूंचं काम करणारे दोघं खरोखरच नोकरीला आलेले होते. मुलगी पुण्याची, संगणकाच्या कंपनीत. मुलगा कोल्हापूरचा, मोटारींच्या कारखान्यात. आवाजाचं यंत्र सांभाळायला कॉलेजचीच एक विद्यार्थिनी होती. ती तमिळ, मराठीचा एक शब्द कळत नसे. पडद्यावर आवाजाच्या ज्या उभ्या रेघा दिसतात त्या बघून ती आमची वाक्यं कापायची आणि जोडायची. वाक्य कुठं सुरू झालं, कुठं संपलं, कुणाचा श्वास मध्ये आला, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं समजायचं.

आणि आजोबांचं काम करणारे काका. तेच मालिकेचा जीव होते. रेल्वेच्या कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे पूर्वज काही पिढ्या तंजावरला होते, त्यामुळे घरातली भाषा मराठी, पण शाळा तमिळ. देवनागरी त्यांना अक्षर लावून लावून वाचावी लागे. त्यामुळे आमची एक पद्धत पडली होती. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी त्यांना फोन करायची, त्यांची वाक्यं एक एक करून सांगायची, आणि ते ती वहीत तमिळ अक्षरांत लिहून घ्यायचे. मराठी बोलणं, तमिळ लिपी. त्यांच्या घरात पत्रं, सामानाच्या याद्या, सणाचे बेत, सगळं असंच लिहिलेलं असे.

हा फोन एक तास चालायचा. कारण काका नुसतं लिहून घेत नसत, वाक्याशी भांडत.

"टीचरम्मा, हें वाक्य आमच्या घरचं नव्हे," ते म्हणत. "एवढं सरळ कोण भांडतंय? आधी कापी पिऊन होऊं द्या त्याची, मग भांडेल."

"काका, वेळ पंधरा मिनिटांचा आहे. कॉफीत दोन मिनिटं जातात."

"जाऊं द्या की. भांडण कुठं पळतंय?"

आणि तेच बरोबर असे. रविवारी ऐकताना कळायचं की काकांनी टंबलरमधून डावऱ्यात, म्हणजे त्याखालच्या पसरट वाटीत, कॉफी ओतली, एक घोट घेतला आणि मग म्हणाले, "मोटर कोणी लावली?", तिथं माणूस हसतो. माझ्या मूळ वाक्यावर कुणी हसलं नसतं. पण शुक्रवारी सात वाजता, गॅसवर डाळ, समोर तपासायच्या वह्या, अशा वेळी हे कबूल करायला मी काही संत नाही. फोन ठेवताना मी अनेकदा मनात म्हणायची, एकदा सुटले पाहिजे मी यातून.

आमच्याकडे माणसं येत आणि जात. नोकरदार मुलंच ती, कुणाची हैदराबादला बदली, कुणाचं लग्न. तेव्हा एक नियम आपोआप झाला होता. माणूस गेला की मालिकेतलं त्याचं पात्रही बदली होऊन जायचं. हैदराबाद, नोएडा, एकदा तर एकीला मी कॅनडाला पाठवली. सात वर्षांत आमच्या मालिकेत कुणी मेलं नव्हतं. बदलीची सोय असताना मरायचं कशाला?

मग एका मंगळवारी काकूंचा फोन आला. काकांना झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले. काका माझ्याकडे बघत, तोंड उघडत, आणि आतून नुसता एक आवाज येई, मग ते डोळे मिटून घेत. काकू म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, बोलणं येईलही. त्या 'येईलही' मधला 'ही' मी ऐकला आणि घरी आले. शुक्रवारी सात वाजता माझ्या हाताला काही काम नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं तसं लिहिते आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता आजोबांचं काय करायचं? घरमालकाची बदली होत नाही. मी त्यांना तंजावरला पाठवलं, नात्यातल्या लग्नाला. लग्न झाल्यावर तिथंच त्यांचा गुडघा दुखायला लागला. गुडघा बरा झाला तर देवळातला उत्सव आला. मग कुणाची तरी साठीशांत. रेडिओवर जो बोलत नाही तो नसतोच, त्यामुळे आजोबा आहेत हे लोकांच्या लक्षात ठेवायला दर भागात वरची मुलं त्यांना फोन करायची. "हो आजोबा. बरं आजोबा. मोटर बंद केली आजोबा." पलीकडून आवाज नाही. पाच महिने मी हे एकतर्फी फोन लिहिले. लिहिताना मला स्वतःचीच शिसारी यायला लागली होती. त्यात शाळेच्या सहामाही परीक्षा, त्यात केंद्राच्या लोकांनी सांगितलं की मराठीच्या अर्ध्या तासाचा आता एकदा विचार करावा लागेल. दुष्काळात तेरावा महिना.

एका शनिवारी कोल्हापूरच्या मुलानं कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण आजोबांना आता संपवूया का?"

पुण्याची मुलगी त्याच्याकडे रागानं बघायला लागली. मीही त्याला नाही नाही ते बोलले. आणि पुढच्या गुरुवारी बसले आणि आजोबांना मारलं.

एका बैठकीत लिहिला तो भाग. चहा गार व्हायच्या आत. तंजावरहून आजोबा परत येतात, रात्री दाराशी रिक्षा थांबते, पोरं धावत खाली येतात, आजोबा खुर्चीत बसतात, आणि कॉफी येईपर्यंत गेलेले असतात. बस. खूप वर्षांत माझ्या हातून इतकं सरळ, इतकं नेमकं काही उतरलं नव्हतं. वाचून मी रडले, आणि रडता रडता मला आनंद झाला. लिहिणाऱ्या माणसाचं हे असं असतं, त्याला लाज नसते.

प्रश्न आवाजाचा होता. आजोबा येतात तर एखादं तरी वाक्य बोलायला हवं. दुसऱ्या कुणाकडून म्हणून घेतलं तर ऐकणारे ओळखतील. मी हे आवाजाच्या मुलीला तमिळमध्ये समजावून सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि आमच्या वाया गेलेल्या टेक्सचा साठा उघडला. ती काही पुसत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं एक रेकॉर्डिंग तिनं लावलं. त्या दिवशी विमानांनी आम्हांला चार वेळा थांबवलं होतं. चौथ्या वेळी काकांनी माईक बाजूला सारला होता. खोलीत त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग आवाज:

"पुरे आतां. थोडं पाणी द्या कोणी."

थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा इतका खरा आवाज कुठल्याही नटाला काढता आला नसता. मुलीला शब्द कळले नव्हते, तरी तिनंच विचारलं, हे चालेल ना? मी म्हटलं, चालेल.

काकांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. माझ्या मनात आलं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. त्यांना बोलता येत नाही, मग फोनवर विचारणार काय, अशी मी माझी समजूत घातली. काकूंना विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि भाग फार चांगला झाला होता.

रविवारी तो लागला. एरवी कार्यक्रमानंतर केंद्रावर चुकून एखादा फोन येतो, तोही पुढच्या कार्यक्रमाची चौकशी करायला. त्या दिवशी फोन थांबत नव्हते. केंद्राच्या माणसानं मला कळवलं, मॅडम, लोक रडतायत. मी घरात पंख्याखाली बसून ते ऐकलं आणि दुसऱ्यांदा चहा केला.

तीन वाजता काकूंचा फोन आला.

"टीचरम्मा," त्या म्हणाल्या, "आमच्या घरीं माळ घेऊन आले."

मला कळेना. मग त्या सांगत गेल्या. काकांची एक चुलत बहीण टी. नगरला राहते, ऐंशीची. तिला नातीनं फोनवर रेडिओ लावून दिला होता. तिनं शेवटची पाच मिनिटं ऐकली. भावाचा आवाज, पाणी मागणारा, मग रडारड. आधीचं काही तिनं ऐकलंच नव्हतं. मुलाला घेऊन, वाटेत इकडे प्रेताला घालतात तसली गुलाबाची माळ विकत घेऊन, ती रिक्षानं तांबरमला आली. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. दार काकांनीच उघडलं, चार पायांची काठी टेकत टेकत.

इथपर्यंत काकू हसत होत्या. मलाही हसू आवरेना. मग एकदम त्यांचं हसू थांबलं.

"आणिक चार फोन आले. कधीं झालं म्हणून विचारत होते. मी सांगितलं, नाटक आहे हो, नाटक."

"काका रागावलेत का?"

"राग आला तर दिसतो तरी," काकू म्हणाल्या. "ह्यांचं कांहीच दिसत नाही."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गेले. गिंडीहून लोकलनं तांबरम, तिथून चालत. पाय ओढत गेले म्हटलं तरी चालेल. काकूंनी दारातच मला थांबवलं आणि हळू आवाजात जे सांगितलं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच महिने काका रोज सकाळी बोलण्याचा व्यायाम करत होते. एक बाई येऊन शिकवून जात, आणि त्या गेल्या की काका आपल्या जुन्या वह्या काढून बसत. आजोबांची वाक्यं, तमिळ अक्षरांत लिहिलेली. बोट ठेवून एकेक शब्द. पहिले दोन महिने काहीच नाही. मग 'मोटर' म्हणता आलं. मग 'कोणी'. मागच्या आठवड्यात पाच शब्दांचं एक अख्खं वाक्य झालं होतं.

"पोंगलच्या भागाला जायाचं म्हणून चाललं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हांस सांगायचं नाही म्हणून हातानं खूण केली मला. एकदम येऊन उभं राहाचं होतं त्यांस." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "काल माळ आली. तेव्हांपासून वहीला हात लावला नाही. आज त्या बाईला परत पाठवलं."

पोंगलला दोन महिने होते. मी आणखी आठ गुरुवार तंजावरला उत्सव चालू ठेवले असते तर झालं असतं. आठ गुरुवार! सात वर्षं कसलीही सबब न सांगता लिहिलं, आणि आठ गुरुवारांसाठी मला दम निघाला नाही.

काका खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगावर धुतलेला पांढरा बनियन, दाढी केलेली. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मी समोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "काका, चुकलं माझं. मी तुम्हांला विचारायला हवं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. मला वाटलं मदत करावी, शब्द सुचवावा. काकूंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तशी मी गप्प बसले. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला, तो कोपऱ्यापर्यंत पोचला असेल एवढा वेळ गेला.

"पाणी," काका म्हणाले.

काकू आत जायला वळल्या. त्यांनी डावा हात जोरात हलवला, पाणी नको होतं.

"तें... पाणी. खरं." पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. "ॲक्टिंग... नव्हे."

मला समजायला थोडा वेळ लागला. मी धरून चालले होते की त्यांना आपला मृत्यू ऐकून वाईट वाटलं असणार. ते नव्हतंच. त्यांना झोंबलं होतं ते दुसरंच. लोक ज्यावर रडले ते त्यांचं काम नव्हतं. ती दोन वर्षांपूर्वीची, उकाड्यानं वैतागलेल्या माणसाची खरीखुरी तहान होती, आणि मी ती चोरून त्यांचं शेवटचं काम म्हणून लोकांना ऐकवली होती. सात वर्षं या माणसानं माझ्याशी एकेका वाक्यावरून भांडून आजोबा उभे केले, आणि शेवट मी त्यांना विचारल्याशिवाय, त्यांच्या नटपणाशिवाय उरकला.

मी मग म्हटलं, "काका, दहाव्याला कुणीतरी यायला हवं तंजावरहून. आजोबांचा भाऊ. आवाज घरातलाच, सारखा असणारच. कराल?"

त्यांनी लगेच मान हलवली नाही. विचार केला.

"धाकटा भाऊ," मी म्हटलं.

"थोरला," काका म्हणाले. आणि बराच वेळ घेऊन पुढचं, "हळूं... बोलेल."

वाक्याशी भांडण सुरू झालं होतं. काकू आत कॉफी टाकायला गेल्या.

त्या शुक्रवारी सात वाजता मी फोन केला. काकूंनी तो काकांच्या कानाशी धरला. थोरल्या भावाला मी एकच वाक्य दिलं होतं: 'लहानपणापासून घाई त्याला, माझ्या आधी गेला.' मी थांबले. डाळ करपली, करपू दिली. शेवटी काका म्हणाले, "माझ्या आधी... नको." आणि त्यांनी स्वतःचं वाक्य सांगितलं. ते पुरतं समजायला मला वीस मिनिटं लागली. "लहानपणापासून घाई त्याला. न विचारतां नेलं." तसंच लिहून घेतलं.

शनिवारी ते रिक्षानं आले. कॉलेजच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, तिथं दोन्ही पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. काका या सगळ्या वेळात कुणाकडे बघत नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कपाळावर चंदनाचा ठिपका.

अडचण मी विसरलेच होते. केंद्राच्या संगणकाला अशी सोय करून ठेवली आहे की काही सेकंदांच्या वर शांतता झाली तर त्याला वाटतं यंत्र बंद पडलं, आणि तो आपोआप वाद्यसंगीत सुरू करतो. काका दोन शब्दांमध्ये जेवढं थांबत तेवढ्यात दोन वेळा संगीत सुरू झालं असतं. आवाजाची मुलगी म्हणाली, मधली शांतता कापून टाकते, वाक्य सलग होईल. तिनं हे तमिळमध्ये म्हटलं, आणि तमिळ काकांना आमच्यापेक्षा चांगली येते.

"कापूं नको," ते तिला तमिळमध्ये म्हणाले. दोन शब्द, अडखळत.

तेव्हा पुण्याची मुलगी उठली. आम्ही कॉफीच्या आवाजासाठी ठेवलेले टंबलर आणि डावरा तिनं हातात घेतले. काका जिथं थांबतील तिथं ती हळूच कॉफी ओतत राहणार. कोल्हापूरच्या मुलानं चटई आणली, पाहुण्यांसाठी अंथरायला आणि गुंडाळायला. मी भांड्यांच्या टोपलीशी बसले. दहाव्याचं घर, माणसं आहेत, कामं चालली आहेत, कुणी बोलत नाही. हे मी लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर इतकं बरं जमलं नसतं.

पहिला टेक. "लहानपणापासून," काका म्हणाले, आणि थांबले. कॉफी ओतल्याचा आवाज. "घाई... त्याला." चटई सरकली. खोलीत गरमी अशी की डोळ्यांत घाम जात होता, पुसायची सोय नाही, आवाज येतो. मग बराच वेळ. मुलीनं तीनदा कॉफी ओतली. काकांची मान थरथरत होती, गळ्याची शीर वर आली होती, आणि मला एकदम वाटलं, बंद करावं हे, कशासाठी छळ चाललाय या माणसाचा. "न विचारतां..." आणि शेवटचा शब्द आलाच नाही. ओठ हलले, हवा बाहेर आली, शब्द आतच राहिला.

पुण्याची मुलगी रडत होती. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. काकू दाराशी पदर तोंडात धरून बसल्या होत्या. मला पावणेपाचची लोकल पकडायची होती, घरी पाहुणे यायचे होते, आणि मी इतकी थकले होते की उठून उभी राहायचीही इच्छा नव्हती.

मी म्हटलं, "छान झालं, काका. फार छान. ओके आहे."

आवाजाच्या मुलीनं पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. तिला शब्द कळत नाहीत, पण वाक्य कुठं संपलं नाही हे तिला दिसत होतं.

काकांनी मान वळवली.

"खोटं," ते म्हणाले.

तो शब्द अगदी स्वच्छ आला. न थांबता, न अडखळता, झटक्याच्या आधी यायचा तसा. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं मला. विचारल्याशिवाय मारलं ते एकदा, आणि आता कीव करून पुन्हा मारायला निघाले होते.

मी पदरानं तोंड पुसलं. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"शेवटचा शब्द गिळलात," मी म्हटलं. "आणि 'न विचारतां' वर रडताय. तुम्ही कशाला रडताय? रडायचं काम ऐकणाऱ्याचं. पुन्हा घ्यायचं. पहिल्यापासून."

काकू दारातून माझ्याकडे बघतच राहिल्या. काकांनी डाव्या हातानं पाठ सरळ करून घेतली, हनुवटीवरची लाळ पुसली आणि आवाजाच्या मुलीला बोटानं खूण केली, चालू कर.

सहावा टेक झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. तोही ओके नव्हता. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि चेहऱ्याच्या चालणाऱ्या बाजूनं काका हसले.